हँडलची उंची बदलली की हेडसेट पुन्हा पुन्हा सैल: प्रकार, मोजमाप आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. सायकलचा फोर्क किंवा हेडसेट (फोर्क फ्रेममध्ये ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा संच) बदलला आणि हँडल उंच वाटू लागलं, किंवा हात लांब पडू लागले. म्हणून स्टेमच्या (हँडल फोर्कच्या नळीला जोडणारा भाग) खालच्या कड्या, म्हणजे स्पेसर, वरखाली केले. आठवड्याभरात पुढून टकटक सुरू. दुकानात वरचा बोल्ट आवळून घेतला, नागपूरच्या वर्धा रोडच्या सिमेंटवर दोन-चार राइड झाल्या की आवाज परत. मग स्टेम बदलला, सीट पुढे सरकवली, आणि आता गुडघाही कुरकुरतो.

इथे दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. फ्रेमच्या मापांच्या तक्त्यातले आकडे हेडसेटचा प्रकार न पाहता वापरले जातात, ही एक. उंची बदलताना हेडसेटवरचा दाब तयार व्हायला लागणारी फट नाहीशी होते, ही दुसरी. दोन्ही सुटल्याशिवाय टकटक थांबत नाही आणि बसणंही सुधारत नाही.

आधी हेडसेट ओळखा

हेडट्यूबच्या (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात फोर्क फिरतो) वर आणि खाली फ्रेमबाहेर स्वतंत्र कप दिसत असतील तर तो बाहेरच्या कपाचा, म्हणजे ईसी. कपाची फक्त पातळ कड बाहेर आणि बाकी कप आत दाबलेला असेल तर झीरो स्टॅक, झेडएस. कपच नाही, बेअरिंग थेट फ्रेममध्ये कोरलेल्या उतरत्या बैठकीवर हाताने बसतं, तर इंटिग्रेटेड, आयएस. जुन्या काळ्या रोडस्टरवर आणि बऱ्याच साध्या सायकलींवर आटे असलेला हेडसेट असतो. त्याच्यावर मोठा नट दिसतो आणि हँडलचा दांडा फोर्कच्या नळीच्या आत गेलेला असतो.

बॉक्सवर ईसी ३४/२८.६ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा हेडट्यूबच्या छिद्राचा, दुसरा स्टीअररच्या, म्हणजे फोर्कच्या वर जाणाऱ्या नळीच्या, बाहेरच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. खालच्या भागावर दुसरा आकडा क्राउन रेसच्या (फोर्कवर बसणारी खालच्या बेअरिंगची कडी) बैठकीचा: सरळ नळीला ३०, खाली जाड होत जाणाऱ्या नळीला ४०. जुना हेडसेट काढलेला असेल तर व्हर्निअरने छिद्र मोजा. ३४ च्या आसपास आलं तर फक्त ईसी बसेल. ४४ आलं तर झेडएस ४४ बसतो, आणि खाली ईसी ४४/४० लावून जाड नळीचा फोर्कही चालतो. ५६ म्हणजे खालचा झेडएस ५६. दाबून बसवायच्या कपाचं छिद्र कपापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी लहान असायला हवं. कप अंगठ्याने आत जात असेल तर छिद्र लंबगोल झालंय, आणि कुठलाही हेडसेट तिथे फार दिवस टिकणार नाही.

आयएसमध्ये बैठक फ्रेमचाच भाग असते. तिथे हातोडी लावली तर बिघडते ती फ्रेम, सुटा भाग नाही. बर्डीपासून महालापर्यंत चांगले हात असलेले मिस्त्री आहेत, पण लाकडी ठोकळा ठेवून ठोकायची सवय रोडस्टरवर लागलेली असते. आयएस बेअरिंग ठोकायला कुणी हातोडी उचलली तर सायकल परत घ्या.

तक्ता का फसवतो

फ्रेमचे स्टॅक (उभं अंतर) आणि रीच (आडवं अंतर) हे आकडे बॉटम ब्रॅकेटच्या (बीबी, पेडलचा आस जिथे फिरतो ती जागा) मध्यापासून हेडट्यूबच्या वरच्या काठापर्यंत मोजलेले असतात. वरचा कप किंवा कव्हर त्यात येत नाही. खालचा कप मात्र येतो, कारण तो फ्रेमचं तोंडच उचलतो. म्हणून वेगळ्या प्रकारच्या हेडसेटच्या दोन फ्रेम नुसत्या तक्त्यावर तुलनेला ठेवल्या की गडबड होते.

दोन फ्रेम घेऊ. फोर्क, चाकं, बीबीची उंची आणि हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन, ७२ अंश) सारखेच. फ्रेम क ईसीची: हेडट्यूब १२०, खालचा कप १२, वरचा कप कव्हरसह १४ मिमी. फ्रेम ख आयएसची: हेडट्यूब १४५, खाली १, वर कव्हर ८ मिमी. हेडट्यूबमध्ये २५ मिमीचा फरक दिसतो आणि लोक ख फ्रेम ‘उंच बसण्याची’ समजतात. बेरीज करा: क ची १४६, ख ची १५४. स्पेसर जिथून सुरू होतात तिथे फरक उरला फक्त ८ मिमी, १० मिमीच्या एका स्पेसरपेक्षाही कमी.

रीचचं आणखी गमतीचं. क चा स्टॅक ५४० आणि रीच ३८० धरला तर त्याच हिशेबाने ख चा स्टॅक ५५३ आणि रीच ३७६ येतो. कागदावर ख चार मिलिमीटर आखूड. प्रत्यक्षात दोन्हींचा स्टीअरर एकाच रेषेवर आहे. ख चं मोजमाप त्या तिरक्या रेषेवर जरा वरच्या बिंदूवर घेतलंय, एवढंच. ७२ अंशांवर स्टीअररच्या रेषेत दर १० मिमी वर गेलं की उंची साडेनऊ मिमी वाढते आणि हँडल ३ मिमी मागे येतं. वेगळ्या स्टॅकच्या फ्रेमची लांबी तुलनेला घेताना ही दुरुस्ती आधी करा, मग स्टेमची लांबी ठरवा.

हेडसेटच्या वरच्या भागाने केलेली चूक स्पेसरने भरून निघते. खालच्या भागाने केलेली निघत नाही, कारण तो पूर्ण फ्रेम कलवतो.

खाली झेडएसच्या जागी ईसी आला, म्हणजे फ्रेमचं तोंड १० मिमी उचललं असं समजा. साधारण एक मीटर व्हीलबेसवर हेड अँगल आणि सीट अँगल दोन्ही अर्ध्या अंशापेक्षा थोडे जास्त मागे कलतात. बीबीच्या तुलनेत हँडल फक्त ४ मिमी वर जातं, पण ५-६ मिमी मागे येतं. सीट सहा-सात मिमी मागे जाते आणि तिचं नाक अर्धा अंश वर उठतं. टेपने सीट ते हँडल अंतर मोजलं तर काहीच बदललेलं दिसत नाही, कारण दोन्ही मिळून मागे कललेत. गुडघ्याला मात्र ते कळतं: पेडल पुढे गेल्यासारखं वाटतं, सेमिनरी हिल्सचा चढ चढताना माणूस सीटच्या टोकावर सरकतो, आणि हलका सुन्नपणा येतो. लोक सीट बदलायला निघतात. सीट तीच ठेवा. रेलवर सहा-सात मिमी पुढे घ्या, पाणसळ ठेवून नाक पूर्वीच्या कोनावर आणा. त्यानंतर हँडल पाचेक मिमी जवळ वाटेल. एवढ्यासाठी स्टेम बदलायची गरज सहसा नसते.

ट्रेलही वाढतो, म्हणजे स्टीअररची रेषा जमिनीला जिथे मिळते त्या बिंदूच्या मागे टायर जिथे टेकतो ते अंतर. ७०० च्या चाकावर, २८ च्या टायरसह, ४५ मिमी रेकचा (धुरी स्टीअररच्या रेषेच्या तेवढी पुढे असलेला) फोर्क असेल तर अर्ध्या अंशाने ट्रेल तीन-साडेतीन मिमी वाढतो. सरळ रस्त्यावर सायकल स्थिर वाटते, फुटाळ्याच्या गर्दीत मात्र हळू वेगात हँडल एका बाजूला पडल्यासारखं होतं. हा बिघाड नाही, भूमितीचा परिणाम आहे. तो घालवायला हेडसेट आवळत बसू नका.

फोर्कच बदलला असेल तर हेच दुप्पट-तिप्पट होतं. रोड फोर्कची चाकाच्या धुरीपासून क्राउनपर्यंतची लांबी साधारण ३७० मिमी, ग्रॅव्हल फोर्कची ३९५ च्या आसपास. २५ मिमीचा फरक म्हणजे जवळजवळ दीड अंश. रोड फ्रेमला ग्रॅव्हल फोर्क लावून पुन्हा ‘रोडसारखं बसणं’ हवं असेल तर ते स्पेसरने येणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

हँडल कुठे आहे ते ओळंब्याने मोजा

समतल फरशीवर, पाणसळीने तपासून, सायकल भिंतीला सरळ लावा. दोन्ही टायरमध्ये नेहमीची हवा हवी. बीबीच्या मध्यापासून फरशीपर्यंतची उंची मोजा, मग हँडल जिथे स्टेममध्ये पकडलंय त्या जागेच्या मध्याची. वजाबाकी म्हणजे हँडलचा खरा स्टॅक. मग दोन्ही बिंदूंवरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा. त्यांच्यातलं आडवं अंतर म्हणजे खरा रीच. सीटच्या नाकाचंही असंच करा, ते बीबीच्या किती मागे पडतं ते लिहून ठेवा.

हे तीन आकडे जुन्या, आरामात चालणाऱ्या सायकलचे आणि नव्या सायकलचे शेजारी ठेवा. हेडसेट कुठलाही असो, शरीर लागतं ते या बिंदूंनाच. काम सुरू करण्याआधीच, जुना फोर्क अंगावर असताना, मापं घेतली तर पुढचा अर्धा वाद मिटतो.

फरक भरून काढताना स्टेम उलटायला विसरू नका. १०० मिमी, ६ अंशांचा स्टेम ७२ अंशांच्या हेड अँगलवर उलटला की हँडल सुमारे २० मिमी खाली जातं आणि ६ मिमी पुढे सरकतं. १० मिमी स्पेसर काढल्याने साडेनऊ खाली, ३ पुढे. स्पेसर २, ३, ५, १० आणि २० मिमीचे मिळतात. काढलेला स्पेसर फेकू नका, स्टेमच्या वर ठेवा. नळी कापायची घाई नको. काही आठवडे चालवून मगच कापा, कारण कापलेली नळी वाढत नाही.

आणि इथेच टकटक जन्माला येते

बिनआट्याच्या हेडसेटमध्ये वरचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही. त्या बोल्टखालचं झाकण, म्हणजे टॉप कॅप, स्टेम आणि स्पेसरना खाली दाबते, तो दाब बेअरिंगपर्यंत पोचतो. मग स्टेमचे बाजूचे बोल्ट त्या जागी सगळं पकडून ठेवतात. दाब पोचायचा असेल तर स्टीअरर नळीचं टोक सगळ्यात वरच्या स्पेसरच्या किंवा स्टेमच्या काठापेक्षा ३ मिमी खाली हवं. स्पेसर काढून बाहेर ठेवला की नळी वर येते, कॅप नळीलाच टेकते, बोल्ट घट्ट लागतो पण बेअरिंग मोकळंच राहतं. दुकानात ‘आवळून दिलं’ हे खरं असतं, फक्त आवळलं ते नळीच्या टोकाला. पुन्हा पुन्हा सैल होणाऱ्या हेडसेटमध्ये सगळ्यात आधी हीच फट बघा.

आवाज हेडसेटचाच आहे का, हेही तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, दुसऱ्या हाताची बोटं वरच्या कव्हरच्या आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवा. मग हँडल ९० अंश वळवून तेच करा. सरळ असताना वाजतं आणि वळवल्यावर वाजत नाही, तर संशय ब्रेक कॅलिपर, पॅड किंवा सस्पेन्शनच्या बुशवर घ्या. दोन्हीकडे वाजलं तर हेडसेट.

आवळायचा क्रम असा: स्टेमचे बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करा. टॉप कॅपचा बोल्ट पाव-पाव फेरा फिरवत खेळ जाईपर्यंतच आवळा. पुढचं चाक उचलून सायकल जरा तिरकी केली तर हँडल स्वतःच्या वजनाने एका बाजूला वळायला हवं. अडखळलं तर जास्त झालं. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा. बहुतेक स्टेमवर ५ न्यूटन मीटर छापलेलं असतं, ते पाळा. आधी बाजूचे बोल्ट आणि मग वरचा, असं उलटं केलं तर वरचा बोल्ट फिरवण्याला काही अर्थ उरत नाही. कार्बनच्या नळीत स्टार नट (टॉप कॅपचा बोल्ट ज्यात आवळतो तो नळीतला नट) ठोकायचा नाही, फुगणारा प्लग वापरायचा, आणि स्टेमखाली किती स्पेसर चालतात ते फोर्क बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणेच ठेवायचे.

फट बरोबर आहे, क्रम बरोबर आहे, तरी सैल होतोय? मग कारणं प्रकारानुसार बदलतात.

आयएसमध्ये वरचं कव्हर फ्रेमला घासत असेल तर दाब बेअरिंगऐवजी फ्रेमवर जातो. कव्हर आणि फ्रेम यांच्यात कागद सरकायला हवा. नसेल सरकत तर कव्हरखाली, बेअरिंगच्या वर, ०.२५ मिमीची पातळ चकती (शिम) टाका, लागली तर दोन. त्याआधी निमुळती, फाटलेली कॉम्प्रेशन रिंग जागेवर आहे का बघा. धुताना ती हरवते किंवा उलटी बसते, आणि मग कितीही आवळा, स्टीअरर वरच्या बेअरिंगमध्ये डुलतच राहतो.

आयएसचंच दुसरं दुखणं चुकीचं बेअरिंग. ४१ मिमी बाहेरच्या व्यासाचं सहसा ३६×४५ अंश कोनांचं असतं, ४१.८ मिमीचं ४५×४५. हातात धरल्यावर फरक कळत नाही आणि फ्रेममध्ये बसल्यासारखं वाटतं. पण कोन जुळला नाही की बेअरिंग पूर्ण पृष्ठभागावर न टेकता कडेवर टेकतं, थोड्या दिवसांत स्वतःची जागा खोदतं आणि खेळ परत येतो. बेअरिंगच्या कडेवर कोन छापलेले असतात. जुनं बेअरिंग सोबत नेऊन आकडे जुळवा, ‘बसतंय ना’ यावर जाऊ नका.

ईसी आणि झेडएसमध्ये कप पूर्ण न बसणं, तिरका बसणं, किंवा क्राउन रेस बैठकीपर्यंत न गेलेली असणं ही नेहमीची कारणं. रेसखाली टॉर्च धरा, प्रकाश दिसायला नको. तिरक्या कपाचं लक्षण असं की हँडल एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला घट्ट फिरतं. कप काढून हेडट्यूबची दोन्ही टोकं फेस करून (कापून सपाट, समांतर) घ्यावी लागतात आणि कप प्रेसने बसवावा लागतो. लांब बोल्ट आणि जाड वॉशर वापरून केलेला घरगुती प्रेसही चालतो, एका वेळी एकच कप घेतला तर.

हँडल अगदी मध्यावर आलं की खाचेत पडल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंग किंवा रेस गेली. सैल हेडसेटवर सिमेंट रस्त्याच्या सांध्यांचे धक्के बसत राहिले की सरळ चालण्याच्या स्थितीतच खड्डे पडतात. ग्रीस टाकून ते भरत नाहीत. सुटे छर्रे असतील तर छर्ऱ्यांबरोबर वाट्या आणि कोनही बदला.

आट्यांचा हेडसेट

रोडस्टरवर किंवा जुन्या गिअरच्या सायकलीवर हिशेब वेगळा. इथे उंची बदलल्याने हेडसेट सैल होत नाही, कारण स्टेम दाबाशी जोडलेलाच नाही. सैल होतो तो लॉकनट एकाच पान्याने आवळल्यामुळे. लॉकनटखालची फिरणारी वाटी एका पान्याने धरा, लॉकनट दुसऱ्याने आवळा. एक इंची हेडसेटला ३२ मिमीचे पाने लागतात. मधला चावीचा वॉशर झिजून फिरत असेल तर तो बदला, नाहीतर लॉकनट आवळताना वाटीही सोबत फिरते.

छर्रे बहुधा ५/३२ इंचाचे. वाटी खच्चून भरू नका, एखाद्या छर्ऱ्याएवढी जागा मोकळी राहू द्या. छर्रे पत्र्याच्या केजमध्ये असतील तर ती बसवून हाताने दाबून फिरवा. पत्रा घासल्याचा आवाज आला तर ती उलटी आहे.

रोडस्टरचा हेड अँगल ६७ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे दांडा १० मिमी वर घेतला की हँडल जवळजवळ ४ मिमी मागे येतं, रोड सायकलपेक्षा जास्त. दांड्यावरची किमान आत राहण्याची खूण दिसू लागली की तिथेच थांबा. आणखी उंची किंवा वेगळी लांबी हवी असेल तर २२.२ मिमीचा क्विल ॲडॅप्टर मिळतो. त्यावर २८.६ चा आधुनिक स्टेम बसतो आणि हेडसेट तसाच राहतो.

इथलं हवामान

खालचं बेअरिंग नेहमी आधी जातं, कारण चाकाचा सगळा फवारा त्यावर येतो. पावसाळ्यात हिंगणा किंवा काटोल रोडच्या बाजूची काळी माती खालच्या सीलवर चिकटून वाळते आणि पुढच्या पावसात तिचं पाणी आत झिरपतं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने हेडट्यूबवर थेट मारा करून घेऊ नका, साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. पाऊस संपला की दिवाळीच्या आधी फोर्क एकदा खाली उतरवा, पाण्याला टिकणारं लिथियम ग्रीस बेअरिंगच्या भोवती आणि बैठकीवर लावा. सीलबंद बेअरिंगच्या आत ग्रीस कोंबण्यापेक्षा, खरखर असेल तर ते बदलणं स्वस्त पडतं. मे महिन्यात घरात ट्रेनरवर चालवणाऱ्यांनी स्टेमवर टॉवेल टाकावा. ४५ अंशांच्या दिवसांत टपकणारा घाम वरच्या बेअरिंगला आणि टॉप कॅपच्या बोल्टला गंजवतो, आणि मग बोल्ट अर्ध्यातच फिरायचा थांबतो. घट्ट लागल्यासारखं वाटतं, दाब मात्र आलेला नसतो.

ज्या नव्या रोड सायकलींत ब्रेकच्या होज वरच्या बेअरिंगमधून आत जातात, तिथे हे सगळं लागू आहे, फक्त काम महाग होतं. काही रचनांत स्पेसर दोन तुकड्यांचे असतात, ते होज न सोडता काढता येतात. एकसंध स्पेसर असेल किंवा वरचं बेअरिंग बदलायचं असेल तर होज कापून ब्रेक पुन्हा ब्लीड (तेलातली हवा काढणं) करावे लागू शकतात. अशी सायकल घेताना ओळंब्याची मापं दुकानातच घ्या आणि हँडलची उंची पैसे देण्याआधी ठरवून घ्या.